एक्केचाळिसावं पाऊल

वारूळवाडी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

समृद्धी,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. शुक्रवार, १४ नोव्हेंबर. जागा : वारूळवाडीच्या पुढे, लंकाबाईंच्या उसामधला बांध. रुंदी अडीच फूट. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस.

२. आपण दोघी तीन वाजता पोचलो. तू विहिरीवर पाणी प्यायला गेलीस. मी बांध शेवटपर्यंत चालून पाहिला. पावलं मोजली : सत्तर.

३. अमृतदादा साडेचारला आला. फिल्म त्याची, कॅमेरा त्याचा. कॅमेरा हातात स्थिर ठेवणारा गिंबल माझा, मी बनवलेला. वजन आठशे चाळीस ग्रॅम.

४. शॉट असा : लंकाबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालत येतात. मी त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून, उलटी चालते. माझ्या कमरेच्या पट्ट्याला मागे मूठ आहे. ती धरून तू माझ्या मागे, पुढच्या वाटेवर नजर ठेवून.

५. खुणा नेहमीच्या. पट्टा सैल म्हणजे चालत राहा. डावीउजवीकडे ओढ म्हणजे त्या बाजूला. दोन झटके म्हणजे खड्डा. एक झटका म्हणजे थांब आणि सावकाश खाली बस.

६. आवाज रेकॉर्ड होणार म्हणून बोलणं बंद. लंकाबाईंचा मोबाईलही बंद करायला लावला. बिबट्याच्या भीतीने त्या गाणी लावूनच शेतात जातात. 'पाच मिनिटं, मग लावा,' असं मी म्हणाले.

७. पाच बावीसला शॉट सुरू. एक्केचाळिसाव्या पावलाला पट्टा सैल झाला. मी चालत राहिले.

८. सत्तराव्या पावलाला माझी टाच मोटरच्या खोलीच्या पायरीला लागली. शॉट संपला. पट्ट्याची मूठ माझ्या पाठीवर लोंबत होती.

९. तू खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभी होतीस. दोन्ही हात वर होते. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, 'केस बांधत होते.' तुझे केस बांधलेलेच होते.

१०. शनिवारी सकाळी सहाच्या गाडीने तू तळेघरला, घरी गेलीस. मला उठवलं नाहीस. चार्जर इथेच आहे.

तुझा फोन लागत नाही. तळेघरला रेंज नसते हे मला माहीत आहे. पण रेंजसाठी तू टेकडावर चढतेस, हेही माहीत आहे. तुमच्या गावच्या भिकाची जीप दर मंगळवारी आणि शुक्रवारी नारायणगावच्या बाजाराला येते, म्हणून पत्र त्याच्याकडे देते.

विचारण्याचं कारण. रविवारी, ७ डिसेंबरला अमृतदादाला त्याच बांधावर दुसरा शॉट घ्यायचा आहे. मी पुन्हा उलटी चालणार आहे. उलटं चालणाऱ्याला मागचं दिसत नाही, कॅमेऱ्यालाही दिसत नाही. शेवटच्या एकोणतीस पावलांत माझ्या मागे काय होतं, हे पाहिलेलं माणूस एकच आहे.

तीन वर्षांत, पासष्ट लग्नांत, तू पट्टा एकदाही सोडलेला नाहीस. नवरीकडच्या बायका तुला कॅमेऱ्याची पाठराखीण म्हणायच्या. त्या दिवशी का सोडलास?

प्रतीक्षा

•

तळेघर,
२१ नोव्हेंबर

इंजिनियरबाई,

तुझं पत्र भिकाने आईच्या हातात दिलं. आईने उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाली, 'सरकारी हाय का गं? आकडं लई हायेत.' मी म्हटलं, मैत्रिणीचं आहे. 'मंग कोर्टात काम करती का ती?'

मला चक्कर आली. दुपारी जेवले नव्हते, ऊन होतं. मूठ सुटली, मी कडेने पुढे जाऊन भिंतीला टेकले. दहा क्रमांक घालण्यासारखं त्यात काही नाही. तुझ्या नोंदीत चूक काढायची तर एकच आहे : बांध अडीच फूट नाही, दोनच असेल. दोघींना शेजारून जाता येत नव्हतं.

इथे भातकाढणी चालू आहे. मी या वर्षी कापायला बसत नाही, पाठ धरली आहे. झोडणी करते आणि भारे वाहते. चुलतीने आल्या आल्या विचारलं, 'ममईच्या हिरोईनी कवा दाखवनार?' मी सांगितलं, आमच्या हिरोईनचं वय अठ्ठावन्न आहे आणि ती म्हशीसाठी वैरण कापते. तिचा विश्वास बसला नाही.

सातला माझं येणं जमणार नाही. काम आहे.

तूही जाऊ नकोस. अमृतदादाला सांग, ऊस तुटून गेल्यावर घे तुझा शॉट, बांध कुठे पळून जात नाही. आणि लंकाबाईंना म्हणावं, कुणीही सांगितलं तरी मोबाईल बंद करू नका. आपण सांगितलं तरी.

चार्जर भिकाकडे दे.

समृद्धी

•

वारूळवाडी,
२५ नोव्हेंबर

समृद्धी,

चार्जर सोबत आहे.

त्या दिवशी तू जेवली होतीस. सव्वादोनला, नारायणगाव स्टँडवर, माझ्यासमोर, दोन वडापाव. दुसऱ्यातली मिरची मला दिलीस. ऊन नव्हतं, पाच बावीसला बांधावर सावली होती. आणि बांधावर शेजारून जाता येत नव्हतं, हे तूच लिहिलं आहेस. मग तू 'कडेने' गेली नाहीस. तू सरळ पुढे गेलीस.

आता गिंबलची नोंद. तुला ही गोष्ट अर्धी माहीत आहे, तरी पूर्ण लिहिते. माझ्या हाताला बसलेला प्रत्येक धक्का तो मोजतो. तीन मोटरी तेवढंच उलटं वळतात आणि धक्का चित्रातून निघून जातो. पण जे काढलं, ते कार्डावर लिहिलेलं राहतं. म्हणून चित्रात काहीच हललेलं नाही. नोंदीत सगळं आहे.

तेहतीस पूर्णांक सहा सेकंद. माझी कंबर मागे ओढली गेली. थांबण्याच्या झटक्याची रेघ मला पाठ आहे. तुझ्या तीनशे तरी झटक्यांच्या रेघा माझ्याकडे आहेत. ही रेघ तशीच चढते. अर्ध्यात थांबते. मग सावकाश, अगदी सावकाश खाली येते, आणि पट्टा मोकळा.

चक्कर आलेला हात असा सुटत नाही. तो आधी लोंबतो, ओढतो, माझा तोल गेला असता. तू झटका द्यायला सुरुवात केलीस, थांबवलास, आणि मला जाणवू न देता मूठ सोडलीस. हे तू ठरवून केलंस. काय ठरवलंस, एवढंच मला कळत नाही.

शॉट मी एकूण चाळीस वेळा पाहिला. आणखी दोन गोष्टी सापडल्या.

बत्तिसाव्या सेकंदाला लंकाबाईंची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते. तिथून परत येत नाही. तोंड किंचित उघडतं, मिटतं. मान हलत नाही. अमृतदादा हे पाहून म्हणाला, 'काय काम केलंय बाईनं! बक्षीस द्यायला पाहिजे, राव.' त्याच्या मित्रांनीही तेच सांगितलं. लंकाबाई काम करत नव्हत्या. त्यांना काम करता येत नाही. शॉटच्या आधी नुसतं 'इकडे बघा' म्हटलं तरी त्या पदर तोंडाला लावत होत्या.

दुसरी गोष्ट. सेहेचाळिसाव्या सेकंदाला, मी छपन्नाव्या पावलावर असताना, सुक्या पाचटाचा आवाज आहे. अमृतदादा म्हणतो, वारा किती छान आलाय. मी चित्र थांबवून लंकाबाईंच्या भाऱ्यातली गवताची टोकं पाहिली. ती हलत नाहीत. वारा नव्हता.

काल दुपारी बारा वाजता बांधाकडे गेले होते. गाडी डांबरी रस्त्यावर उभी केली. इंजिन चालू ठेवलं. बांधाचं तोंड रस्त्यापासून पंधरा-वीस पावलांवर आहे. खाली उतरले नाही. नाडी मोजली : एकशे अठरा. एक ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर म्हणाला, 'ताई, पेट्रोल संपलं का?' मी हो म्हणाले. त्याने टाकी हलवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

बारा दिवसांनी मला त्या बांधावर सत्तर पावलं उलटं चालायचं आहे. पट्टा धरायला अमृतदादा कुणीतरी नवीन माणूस देणार आहे. त्याला मी काय सांगू, काय बघायचं? सरळ लिही.

प्रतीक्षा

•

तळेघर,
२८ नोव्हेंबर

प्रतीक्षा,

वाघ होता.

लिहून झालं. आता हात थांबत नाही तोवर बाकीचं लिहिते.

बांध जिथे जरासा वळतो तिथे, मधोमध, कुत्रं बसतं तसा बिबट्या बसला होता. मला वाटलं कुत्रंच आहे. मग त्याने तोंड वळवलं. आमच्या गोठ्याच्या दारापासून चुलीपर्यंत जेवढं, तेवढं अंतर. तू आली आहेस घरी, फूट तू मोज. तो माझ्याकडे बघत नव्हता, तुझ्या पाठीकडेही नाही. लंकाबाईंच्या भाऱ्याकडे बघत होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

मी झटका द्यायला हात ओढला. ओढता ओढता आठवलं की एक झटका म्हणजे तू खाली बसणार.

तू बसलीच असतीस. कधी विचारत नाहीस, का म्हणून बघत नाहीस. झटका आला की तू पाण्यात बसावं तशी खाली जातेस. शेतात वाकू नका, बसू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतो. वनखात्याची माणसं येऊन फळ्यावर चित्र काढून गेली होती. ओरडले असते तर तू वळली असतीस. वळताना पाय अडकला असता. तेही खाली जाणंच. दोन झटके दिले असते तर तू खड्डा समजून मोठं पाऊल मागे टाकलं असतंस, त्याच्या दिशेने. आपण सगळ्या खुणा ठरवल्या, प्रतीक्षा. उभी राहा, पण हलू नकोस, अशी एकही खूण ठरवली नाही.

म्हणून मूठ सोडली.

पुढचं मला आठवत नाही. खरंच नाही. एकदम पाठीला भिंत लागली आणि हात वर होते. मधलं काहीच नाही. म्हणजे मी पळाले. तुला उलटी चालत ठेवून, तुझ्या मागची जागा रिकामी करून, पळाले. तुझी रेघ सांगते की मी काहीतरी ठरवलं. माझे पाय सांगतात की नाही. नाहीतर मोटरच्या खोलीपर्यंत मी कशी पोचले असते?

भिंतीपासून तू येताना दिसत होतीस. फक्त पाठ. हातात तो गिंबल, दोन्ही कोपरं बाहेर. वाघ तेव्हा बांधावर नव्हता. कुठल्या बाजूच्या उसात गेला ते मला माहीत नव्हतं, आणि तू त्या वळणावरून चालली होतीस. उसाचं एक पान तुझ्या कोपराला लागलं. तू नुसतं कोपर आत घेतलंस. मला ओरडता आलं नाही. मग तू वळलीस आणि विचारलंस काय झालं, आणि माझ्या तोंडून केसांचं आलं.

गाडीत बसले तेव्हा ठरवलं, तुला हे कधी सांगायचं नाही. सांगितलं तर तू पुन्हा पट्टा कुणाच्याच हातात देणार नाहीस. नाही सांगितलं तर फक्त माझ्या हातात देणार नाहीस. दुसरं बरं.

माझी पाठ दुखत नाही. भात कापायला खाली बसावं लागतं, आणि मला बसता येत नाही. विळा घेऊन वाकले की मानेवर काहीतरी आहे असं वाटतं. आई सगळ्यांना सांगते, 'पाठ दुखती म्हनती आन भारं उचलती. आसली कसली पाठ?' परवा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, माझ्या मागे, आणि म्हणाली, 'काप. मी हाय हितं.' मी भाताचे चार चूड कापले. मग ती पाणी प्यायला वळली आणि मी उठले.

जेवताना मी दाराकडे तोंड करून बसते. तिने पाट हलवून ठेवला आहे, न विचारता.

एक विचारू का? तीन वाजता मी विहिरीवर होते तेव्हा तू बांध शेवटपर्यंत चालून पाहिला होतास. सत्तर पावलं मोजलीस, रुंदी मोजलीस. तिथे तेव्हा काही दिसलं नव्हतं ना? मी पुढे फारसं बघत नव्हते, खरं सांगते. तुझ्या टाचांकडे बघत होते. तू बघितलं आहेस म्हणजे बघून झालं, असं मला वाटलं होतं.

तू जाऊ नकोस सातला. बाकी काही नको.

समृद्धी

•

वारूळवाडी,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

समृद्धी,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. रविवारी सकाळी अकरा वाजता लंकाबाईंच्या घरी गेले. बांधावर नाही, घरी. त्या कुट्टीच्या मशीनवर वैरण कापत होत्या. मोबाईल खुंटीला टांगलेला, गाणी चालू. मी विचारलं, शॉटच्या वेळी तुम्ही मागे काय पाहिलंत. त्यांनी मशीन बंद केलं नाही. मशीनच्या आवाजात त्यांनी मोठ्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी मी तुला त्यांच्याच शब्दांत लिहिते. घरी येऊन लगेच उतरवून ठेवल्या आहेत.

'वाघ व्हता की. तुला आज कळलं व्हय?'

मी म्हणाले, समृद्धी पळाली म्हणते.

'कोन पळालं? पळाली आसती तर त्यो मागं लागला आसता. ती हात वर करून त्याच्याकडं गेली. सावकाश. आंगाला हळद लावल्यावानी. मी म्हनलं, ही पोरगी यडी झाली का काय. त्यो उठला, उलीसा मागं सरला, आन उसात शिरला. मंग ती तशीच हात वर धरून पार खोलीपातूर गेली.'

कुठल्या बाजूला शिरला ते मी विचारलं. त्यांनी माझ्या उजव्या कोपराला बोट लावलं. 'ह्या.'

तेव्हा दुरुस्ती. मधलं जे तुला आठवत नाही, ते पळणं नव्हतं. पाहणारं माणूस तुझ्या मागे बारा पावलांवर, भाऱ्याखालून डोळे वर करून बघत होतं. मीही पडताळा घेतला. चौतिसाव्या सेकंदापासून लंकाबाईंची नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे एका उंचीवर आहे आणि फार हळू पुढे सरकते. पळणाऱ्या माणसामागे नजर अशी जात नाही.

मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही थांबलात?

'डोक्यावर भारा व्हता. भाऱ्यासकट मी लई उंच दिसते. टाकला आसता तर बारकी झाले आसते. आन तुला काय सांगायचं? तू चालली व्हतीस उलटी. मी तुज्या तोंडाकडं बघितलं. एवढी गुमान चालली व्हतीस, मला वाटलं तुला ठावं हाय.'

मला ठाऊक होतं. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

पहिल्या पत्रातल्या नोंदीत क्रमांक दोन आणि तीन यांच्या मधे एक नोंद हवी होती. ती मी गाळली. आता लिहिते.

२अ. तीन वाजून दहा मिनिटं. पंचावन्नाव्या पावलाजवळ, बांध वळतो तिथे, पाटाचं पाणी झिरपून माती ओली होती. त्या मातीत चार ठसे. नखांच्या खुणा नाहीत. मी टेप काढून एकाची रुंदी मोजली : साडेसात सेंटीमीटर. कडा मोडलेल्या नव्हत्या, तळाला पाणी साठलेलं नव्हतं. म्हणजे ताजे. मी चारही ठसे बुटाने पुसले. तुला, लंकाबाईंना, अमृतदादाला, कुणालाही सांगितलं नाही.

कारण लिहिते, सबब म्हणून नाही. सांगितलं असतं तर अमृतदादाने शूटिंग उचललं असतं. सोळा तारखेला पुण्याहून एक माणूस गिंबल पाहायला येणार होता, आणि त्याला दाखवायला माझ्याकडे एकही सलग, उलट्या चालीचा, अरुंद वाटेवरचा शॉट नव्हता. मी स्वतःला सांगितलं की आपल्याकडे ठसे कुठल्या बांधावर नसतात? हे खरंही आहे. पण मग पुसायचं कारण नव्हतं. ठसे आहेत असं तुला नुसतं सांगितलं असतं, तर तू माझ्या टाचांकडे न बघता वाटेकडे बघितलं असतंस.

आणि मोबाईल. ठसे पाहिल्यानंतर दोन तासांनी मी लंकाबाईंना गाणी बंद करायला सांगितली.

अजून एक. 'एक झटका म्हणजे बस' ही खूण माझी. तू तेव्हा विचारलं होतंस, बसायचं कशाला, नुसतं थांबलं तर काय होतं? मी म्हणाले होते, दिसायला छान दिसतं. ते खरं नव्हतं. हा गिंबल कॅमेऱ्याचं वळणं आणि कलणं आवरतो. वरखाली होणं आवरत नाही. एकदम थांबलं की चित्र एकदा उसळतं. तो दोष माझ्या यंत्राचा आहे. तो दिसू नये म्हणून मी दोघींना बसायची सवय लावली.

रविवारी लंकाबाईंना सांगितलं. तेव्हा मात्र त्यांनी मशीन बंद केलं. म्हणाल्या, 'ठसं रोज आसत्यात. पर पुसलं का?' एकदाच विचारलं. मी उभी राहिले. मग त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि मला जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

अमृतदादाला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, 'तू मोजलेलं म्हणून मी कधी तपासत नाही.' सोमवारी वनखात्याची माणसं बांध पाहून गेली, वळणाशी पिंजरा लावला. आज सकाळपर्यंत रिकामा होता. आतल्या शेळीचा आवाज डांबरी रस्त्यापर्यंत येतो.

सातचं शूटिंग बांधावर नाही. गावातल्या मारुतीच्या पाराकडून डेअरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, सकाळी नऊ वाजता. दोन्ही बाजूंना घरं आहेत. लंकाबाई गाणी लावूनच चालणार, आवाज नंतर बघू असं ठरलं. त्या यायला तयार आहेत, पण त्यांनी अमृतदादाला विचारलं, 'म्होरं ती मोजनारीच आसनार का?' तो हो म्हणाला. मग विचारलं, 'आन तिच्या मागं कोन?' तो प्रश्न त्याने माझ्याकडे आणला.

खुणा बदलल्या आहेत. एक झटका म्हणजे थांब आणि उभी राहा. चित्र उसळलं तर उसळू दे. शिवाय एक नवी : मूठ दोनदा दाबली की तोंडाने बोलायचं, शॉट गेला तरी चालेल.

शनिवारी मी गच्चीवर एकटीने उलटं चालून पाहिलं. गच्ची सपाट आहे, चारही बाजूंना कठडा आहे, खाली आई बसली होती. पट्टा बांधलेला, मूठ मोकळी. नवव्या पावलाला थांबले. पुन्हा केलं. पुन्हा नऊ. मग अमृतदादाने आणलेल्या माणसाला पट्टा धरायला दिला. तो चांगला आहे, काळजीने धरतो. सहाव्या पावलाला मी खाली बसले. त्याने झटका दिला नव्हता. आज सकाळी पुन्हा एकटीने केलं : नऊ. नोंदीतली रेघ पाहिली. हात इतका थरथरतो आहे की मोटरी पुरत नाहीत. चित्रातही दिसतं.

सातला एकशे दहा पावलं चालायची आहेत.

तू येऊन पट्टा धरशील का, ते कळव. ठसे मी पुसले होते हे आता तुला माहीत आहे, म्हणून 'नाही' लिहिलंस तर कारण लिहायची गरज नाही. 'हो' लिहिलंस तर शनिवारी संध्याकाळी नारायणगाव स्टँडवर मी उभी असेन.

उत्तर शुक्रवार, ५ डिसेंबरला, भिकाच्या जीपने मिळावं.

प्रतीक्षा